प्रेमाने बोलणं म्हणजे पाप झाकणं होतं का?

शांतनदी:
सगळ्यांना सलाम. पोस्ट जरा मोठी आहे, सांभाळून घ्या. माझी एक मैत्रीण आहे, ख्रिस्ती नाही, लग्न न करता पार्टनरसोबत राहते. बरेच दिवस ती स्वतःहूनच विचारत होती, तुम्ही प्रार्थना कशी करता, बायबल कुठून वाचायला घ्यावं वगैरे. मी तिला मार्कचं शुभवर्तमान दिलं (येशूची गोष्ट सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांत सगळ्यात छोटं तेच), तिने वाचलंही. मग एकदा ती आमच्या ग्रुपच्या प्रार्थनेला आली आणि तिथल्या एका वयस्कर काकांनी तिला नाव विचारल्यावर पुढचाच प्रश्न, लग्न झालंय का? तिने जे आहे ते खरं सांगितलं, तर सगळ्यांसमोर व्यभिचार, नरक, शेवटचा न्याय, सगळं ऐकवलं. ती एक शब्द बोलली नाही, पर्स उचलली आणि निघाली. आता माझे मेसेज बघते, रिप्लाय नाही.
काकांना नंतर म्हटलं, अहो पहिल्याच दिवशी कशाला, तर म्हणे सत्य कडूच असतं, तूच गोड बोलून तिला नरकात घालशील. ते डोक्यातून जातच नाहीये. त्यांचं काही अंशी बरोबर आहे का? आणि तिला आता काय लिहू?

जुनी_वही:
ताई, योहानाच्या शुभवर्तमानाचा ८ वा अध्याय काढून बघा. व्यभिचारात धरलेली बाई, आजूबाजूला दगड घेऊन तयार असलेली माणसं, आणि येशू आधी त्या माणसांना गप्प करतो. ते एकेक करून निघून गेल्यावर तिला म्हणतो की मीही तुला दोषी ठरवत नाही, आणि मग म्हणतो जा, यापुढे पाप करू नकोस. दोन्ही वाक्यं आहेत, पण क्रम बघा ना! काही जण फक्त दुसरं वाक्य घेऊन फिरतात, काही फक्त पहिलं. लोकांना नकोसा असलेला जकातदार जक्कय, त्याचंही तेच, येशू आधी म्हणाला आज मला तुझ्या घरी उतरायचंय, लोक कुरकुरले की पाप्याच्या घरी गेला, आणि अर्धी मालमत्ता गरिबांना देतो हे जक्कय नंतर आपणहून बोलला, कोणी त्याला हिशोब मागितला नव्हता.

पहारेकरी:
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. आजकाल प्रेम प्रेम करत कोणी पापाचं नावच घेत नाही. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात, ३३ व्या अध्यायात स्पष्ट आहे, पहारेकऱ्याने तलवार येताना बघूनही शिंग फुंकलं नाही तर रक्ताचा जाब त्याच्याकडे. बाप्तिस्मा देणारा योहान तर समोरच्यांना सापाची पिल्लं म्हणाला. काकांची पद्धत चुकली असेल, पण मुद्दा?

जुनी_वही:
भाऊ, तोच अध्याय ११ व्या वचनापर्यंत वाचा, तिथे देव म्हणतो की दुर्जन मरावा यात मला आनंद नाही, त्याने वळावं आणि जगावं. शिंग फुंकायचं ते माणूस वाचावा म्हणून. आणि सापाची पिल्लं हे मत्तयाच्या शुभवर्तमानात परूशी-सदूकींना (त्या काळचे यहुदी धर्मपुढारी) आहे, लूकच्या शुभवर्तमानात बाप्तिस्म्याला आलेल्या गर्दीला, पण तीही देवाची माणसं म्हणवणारीच, आम्ही अब्राहामाची लेकरं म्हणून निर्धास्त असलेली. येशूचे सगळ्यात जहाल शब्द मत्तय २३ मध्ये आहेत, तेही शास्त्री-परूश्यांना. प्रेषित पौल तर करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ ५) सरळ विचारतो की मंडळीबाहेरच्यांचा न्याय करणं माझ्याकडे कुठे आहे. आपण नेमकं उलटं करतो, मंडळीतल्या माणसाचं काही निघालं की जाऊ द्या आपलाच आहे, आणि नवीन कोणी आलं की लगेच कोर्ट.

पहारेकरी:
५ व्या अध्यायाचा मुद्दा मान्य. पण कधीतरी सांगावंच लागेल ना?

कोरी_पाटी:
मी त्या मैत्रिणीच्या जागेवरून लिहितो, मीही बाहेरूनच आलोय. एक ओळखीचे गृहस्थ भेटले की विचारायचे, आज मेलास तर कुठे जाशील? मी रस्ता बदलायचो. दुसरा एक जण होता, माझे वडील आजारी असताना त्याने एवढंच विचारलं, तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का? ते ‘चालेल का’ मला फार लागलं, कारण मला नाही म्हणायची जागा होती. नंतर पापाबद्दल मीच त्याला छेडलं आणि त्याने काहीही गुळगुळीत न करता सांगितलं. मला ते झेपलं, कारण माणूस माहीत होता. सो हो पहारेकरीदादा, सांगावं लागतं, पण पेत्राच्या पहिल्या पत्रात (१ पेत्र ३:१५) जो विचारतो त्याला उत्तर द्या असं आहे, आणि तेही सौम्यतेने.

शांतनदी:
खूप थँक्स सगळ्यांना. मेसेज असा लिहिलाय, बघा: “त्या दिवशी जे झालं त्याबद्दल सॉरी. काका मनाने वाईट नाहीत, चुकीचंही बोलले नाहीत, फक्त पद्धत चुकली. पुढच्या वेळी ये, असं होणार नाही.”

कोरी_पाटी:
मधलं वाक्य पूर्ण उडवा. तिला ते असं वाचता येईल की तूही तेच समजतेस, फक्त हळू आवाजात. आणि पुढच्या वेळी ये पण नको, लगेच बोलावणं आलं की वाटतं हिला आपला नंबर वाढवायचाय. नुसतं लिहा की तुला सगळ्यांसमोर तसं बोलले ते मला अजिबात आवडलं नाही, मी तिथेच त्यांना थांबवायला हवं होतं, तू कशी आहेस. तिने रिप्लाय नाही दिला तरी मैत्री चालू ठेवा, बायबलचा विषय तिने काढला तरच.

जुनी_वही:
+१. मार्क १० मधला तो श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशू त्याच्या मागे धावला नाही, पण त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली असं त्याआधी लिहिलंय. आणि ताई, काकांशी बोलायचं असेल तर मत्तय १८:१५ प्रमाणे एकांतात जाऊन बोला, ग्रुपवर नको. त्यांनाही चारचौघांत ऐकवलं तर आपणही तेच केलं ना.