शब्दचर्चा: 'सिंक'ला मराठीत काय म्हणता? (आणि अ‍ॅक, निट, रिव्ह्यू वगैरे)

धागाकर्ता:
मंडळी, एक अडचण आहे. आमच्याकडे डिप्लोमा करून तीन नवीन पोरं आलीत, मराठी माध्यमातली, हुशार आहेत. लिनक्स कर्नलमधला यूएसबी पॉवर डिलिव्हरीचा (टाइप-सी केबलवरून किती वीज द्यायची-घ्यायची ते ठरवणारा) भाग, म्हणजे तो टीसीपीएम, टाइप-सी पोर्ट मॅनेजर, त्यातले आणि त्याखालच्या चिपच्या ड्रायव्हरमधले बदल कसे तपासायचे याचं एक टिपण त्यांच्यासाठी मराठीत लिहायला घेतलं आणि पहिल्याच पानावर अडकलो. पॉवर देणारा तो सोर्स, घेणारा तो सिंक. सोर्सला स्रोत म्हणून भागतं (स्रोत, 'स्त्रोत' नाही, आधीच सांगतो नाहीतर अख्खा धागा तिकडे वाहत जाईल). सिंकचं काय करू? सिंक म्हटलं की खरकटी भांडी डोळ्यासमोर येतात. एकाने तर अगदी प्रामाणिकपणे विचारलं, सर, वीज सिंकमधून पुढे कुठे जाते?

भाषांतरवाली:
सरकारी वळणाचा हवा असेल तर 'ग्राही' होईल. 'ग्राहक' नको, लगेच वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक आठवतो. मी असते तर सरळ 'देणारा' आणि 'घेणारा' लिहिलं असतं. बोजड शब्द शोधायची गरजच काय.

सोल्डरगन:
अहो धनको आणि ऋणको आहेत की! धन आणि ऋण दोन्ही आले, विजेला शोभतं.

भाषांतरवाली:
ऋणकोला परत फेडावं लागतं. फोन काय चार्जिंग परत देणारे का?

सोल्डरगन:
देतो ना, पॉवर रोल स्वॅप झाला की देतो 😀 दोन्ही भूमिका करणारं पोर्ट असेल तर मघाचा घेणारा आता देणारा.

कोपऱ्यातला:
यावरून आठवलं, कुणीतरी होस्टला (डेटाचा व्यवहार चालवणाऱ्या बाजूला) 'यजमान' म्हणायची टूम काढली होती. शब्द गोड आहे पण टाइप-सीत डेटाची भूमिका वेगळी आणि पॉवरची वेगळी. लॅपटॉप मॉनिटरला एका केबलने जोडा, डेटाच्या बाजूने लॅपटॉप होस्ट आणि पॉवरच्या बाजूने तोच सिंक, म्हणजे यजमान पाटावर बसून जेवतोय आणि पाहुणा वाढतोय. जुन्या यूएसबीची सवय असलेला माणूस पॅच (कोडमधला बदल) लिहिताना इथेच फसतो, होस्ट आहे म्हणजे 5 व्होल्ट हाच देणार असं धरून चालतो. रिव्ह्यूत मी सगळ्यात आधी तेच बघतो, 'इफ होस्ट' लिहिलंय तिथे खरं तर 'इफ सोर्स' हवं होतं का. आणि आमच्या घरी यजमान म्हणजे नवरा, तो वेगळाच घोळ.

धागाकर्ता:
यजमान बाद. देणारा-घेणारा पक्कं करतो. आता पुढचा. निगोशिएशनला मी 'वाटाघाटी' लिहिलंय, कोडमधल्या स्टेटच्या नावातही निगोशिएट आहे. चालेल ना?

कोपऱ्यातला:
मला नाही पटत. वाटाघाटी म्हणजे दोघं थोडं थोडं सरकतात, मंडईत घासाघीस होते तशी. इथे तसं काही नसतं. देणारा आपली यादी पाठवतो, त्यात पहिली नोंद कायम 5 व्होल्टची, मग 9, 15, 20 जे काय जमत असेल ते. घेणारा त्यातली एक निवडून मागतो. यादीत नसलेलं मागितलं तर नकार मिळतो, विषय संपला. हे खाणावळीतलं मेनूकार्ड आहे हो, "साडेबारा व्होल्टला देता का" असं विचारायची सोयच नाही.

सोल्डरगन:
पीपीएसमध्ये, म्हणजे प्रोग्रामेबल पॉवर सप्लायमध्ये, आहे की सोय. तिथे पट्टा देतात आणि त्या पट्ट्यात 20 मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी हवं ते मागता येतं. फक्त दर 10 सेकंदांच्या आत पुन्हा पुन्हा मागत राहावं लागतं, नाहीतर देणाऱ्याला वाटतं गिऱ्हाईक उठून गेलं. पण हेही मागणंच झालं, घासाघीस नाही, हे मान्य.

भाषांतरवाली:
मग 'मागणी' लिहा आणि शेवटी जे ठरतं त्या कॉन्ट्रॅक्टला 'करार' चालेल की. 'ठराव' नको, ठराव ग्रामसभेत होतात.

धागाकर्ता:
मागणी आणि करार, झकास. आता माझा खरा दुखरा शब्द, अ‍ॅक्नॉलेजमेंटचा अ‍ॅक. मी सगळीकडे 'पोच' लिहित सुटलो होतो, पोचपावतीतली पोच. मग लक्षात आलं की या एका विषयात दोन-तीन वेगळ्या गोष्टींना लोक बोलताना 'अ‍ॅक आला' म्हणतात आणि आम्ही त्यातच एकदा आपटलोय. एका बोर्डच्या पॅचमध्ये समोरून अ‍ॅक्सेप्ट आल्याबरोबर चार्जिंगची मर्यादा थेट 3 अँपिअर केली होती, आमच्या टेबलावरच्या चार्जरवर मस्त चाललं, तपासणाऱ्याने (म्हणजे मीच) "अ‍ॅक आलाय ना, मग ठीक" म्हणून पुढे सोडलं आणि दुसऱ्या चार्जरवर बोर्ड बंद-चालू बंद-चालू करत बसला. दोन दिवस आम्ही केबलला दोष देत होतो.

कोपऱ्यातला:
इथे तीन शब्द वेगळे ठेवाच. गुडसीआरसी म्हणजे पोच, निरोप न फाटता पोचला एवढंच, कबूल आहे की नाही याचा काही संबंध नाही. ती पोच चिपच परस्पर देते म्हणून टीसीपीएमच्या कोडमध्ये सहसा दिसतही नाही. अ‍ॅक्सेप्ट म्हणजे होकार. पण होकार आला म्हणजे ताट आलं असं नाही, व्होल्टेज अजून वर चढतंय, तेवढ्या वेळात घेणाऱ्याने अडीच वॉटच्या आत गप्प बसायचं. मग पीएस-रेडी येतो, तो म्हणजे "पानं वाढलीत, बसा". साधारण अर्धा सेकंद वाट बघूनही तो नाही आला तर टीसीपीएम सरळ हार्ड रीसेट करतं. तुमच्या टेबलावरचा चार्जर पटकन वाढणारा होता एवढंच.

भाषांतरवाली:
पोच, होकार, वाढप 😀 पण पॅचखाली जे 'अ‍ॅक्ड बाय' लिहितात ते यातलं कुठलं?

कोपऱ्यातला:
ते पोच नक्कीच नाही. निदान बघितलंय आणि माझी संमती आहे, असा त्याचा अर्थ. रिव्ह्यूड-बाय त्याहून भारी, तिथे नीट तपासल्याची जबाबदारी अंगावर येते. आणि साइन्ड-ऑफ-बाय ही सही, ती कोड चांगला आहे म्हणून नसते, हा कोड द्यायचा मला हक्क आहे म्हणून असते. नवीन पोरं या तिन्हींची खिचडी करतात.

धागाकर्ता:
रिव्ह्यूला 'समीक्षा' लिहिलं तर पोरं कवितेची समीक्षा समजतील. 'पुनर्विलोकन' कोर्टातलं, 'परीक्षण' सिनेमाचं. 'तपासणी' बरा वाटतोय.

भाषांतरवाली:
'नजरेखालून घालणे' विसरलात का? आमचे हेडमास्तर वह्यांबद्दल हेच म्हणायचे. आणि पॅचला 'ठिगळ' तेवढं करू नका, ठिगळ म्हटलं की फाटकं झाकल्यासारखं वाटतं, इथे तर चांगला नवा कपडाही पॅच म्हणूनच येतो.

सोल्डरगन:
निटला, म्हणजे रिव्ह्यूत काढलेल्या क्षुल्लक चुकीला, काय? शब्दशः गेलात तर लीख, उवेचं अंडं.

भाषांतरवाली:
'खुसपट' आहे ना! खुसपट काढणे. याहून चपखल इंग्रजीतही नसेल.

कोपऱ्यातला:
खुसपट एक नंबर. फक्त सगळी खुसपटं खुसपटं नसतात. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर काय काय आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये) ऑप-सिंक-मायक्रोवॉट नावाची नोंद असते, बोर्डला चालायला किती पॉवर हवी ते सांगणारी. 15 वॉट हवेत तर 15000000 लिहायचं. त्याच्या शेजारच्याच ओळीत पीडीओ (व्होल्टेज-करंटची नोंद) मिलिव्होल्ट आणि मिलिअँपिअरमध्ये, 5000, 3000 असे, त्यामुळे हात आपोआप 15000 लिहून मोकळा होतो. दिसायला तीन शून्यांचं खुसपट, पण बोर्डला वाटतं आपल्याला 15 मिलिवॉट पुरतात, मग कितीही मरतुकडा चार्जर लावा, "हा मला कमी पडतोय" असं तो देणाऱ्याला कधी सांगणारच नाही. कंपाइल होतं, चालतं, लॉगमध्येही गप्प.

धागाकर्ता:
अरे देवा. आमच्या फाइलमध्ये बघून येतो.

धागाकर्ता:
बघितलं. 15000 आहे 🙏

सोल्डरगन:
😂😂 हार्ड रीसेटला काय लिहिणार ते तरी सांगा. व्होल्टेज शून्यावर, करार रद्द, परत 5 व्होल्टपासून सुरुवात.

भाषांतरवाली:
पंगत उठवली.