अल्बट्रॉसचा ‘घटस्फोट’ म्हणावा का?

प्रश्न: पक्षीनिरीक्षकांच्या पत्रिकेसाठी लिहिते आहे. फॉकलंड बेटांवरच्या काळ्या भुवईच्या अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याचा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. समुद्र नेहमीपेक्षा गरम असेल त्या वर्षी जास्त जोड्या मोडतात, असं त्यात दिसलं. शास्त्रज्ञ त्याला सरळ ‘डिव्होर्स’ म्हणतात. मी ‘घटस्फोट’ लिहू? आणि वर्षानुवर्षं एकत्र राहणाऱ्यांना ‘एकपत्नीव्रती’ चालेल?

– एकपत्नीव्रती नकोच, ताई. हवाईतल्या ओआहू बेटावर काएना पॉइंटला लेसन जातीच्या अल्बट्रॉसच्या जवळजवळ एक तृतीयांश जोड्या दोन माद्यांच्या निघाल्या. तिथे कोण कुणाची पत्नी? ‘एकनिष्ठ’ही जपून वापरा. अंडं उबवायला, पिल्लू भरवायला जोडीदार ठरलेला असतो, पण पिल्लाचा बाप कधीकधी भलताच निघतो. ‘जोडी टिकवणारे’ म्हणा, निष्ठेचा दाखला आपण कशाला द्यायचा!

– ‘घटस्फोट’ हा मुळात बहिष्काराचा विधी. पतिताच्या नावाने पाण्याचा घडा लवंडायचा आणि तो आपल्याला मेला असं मानायचं. नवरा-बायकोकडे हा शब्द नंतर आला. ‘काडीमोड’ला पंच लागतात. माझं मत ‘फारकत’ला. त्यात ना कोर्ट, ना दोषारोप. मात्र व्याख्या पहिल्याच परिच्छेदात द्या: दोघं जिवंत असताना एकाने तरी दुसऱ्याशी जोडी जमवली तरच फारकत. जोडीदार मेला तर ती धरत नाहीत.

– कारणही लिहा. अंडं फुकट गेलं की जोडी मोडणं तसं नेहमीचंच. पण गरम वर्षांत पिल्लू नीट वाढवलेल्या जोड्याही मोडल्या, खरी गंमत तिथे आहे. अभ्यासकांचा अंदाज असा की खाणं दूर गेल्यामुळे पक्षी उशिरा परततात, थकलेले असतात, आणि त्याचं खापर जोडीदारावर फुटतं.

प्रश्नकर्ती: ‘फारकत’ पक्कं! आता पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावरची विझ्डम. 1956 साली पायात कडी घातलेली लेसन मादी. 2024च्या अखेरीस, सत्तरी ओलांडल्यावर, नव्या नरासोबत तिने अंडं घातलं. आधीचा काही वर्षं दिसलेलाच नाही. हिने ‘पाट लावला’ म्हणू?

– मोह मलाही होतोय. पण पाट विधवेचा, आणि आधीच्याचा मृत्यू कुणी पाहिलेला नाही. फारकतही म्हणता येत नाही, कारण तो जिवंत आहे की नाही तेच माहीत नाही. ‘नवा जोडीदार’ एवढंच लिहा.