मेस्कीट आडवं झालं. नव्या झाडाला मायकोरायझा घालू की पाणी बदलू?

पेणकर_चँडलर:
नमस्कार मंडळी. अमेरिकेत, अॅरिझोनाच्या वाळवंटात, फिनिक्सच्या शेजारी चँडलरला राहतो. मागच्या ऑगस्टमध्ये हबूब आला (धुळीची भिंतच चालत येते म्हणा ना), त्यामागोमाग वादळ, आणि अंगणातलं मेस्कीट मुळासकट आडवं. झाड वीस फुटी, मुळांचा पसारा मात्र चटईएवढा. खाली गेलेलं एकही मूळ नाही. कुंडीत गोल फिरलेली होती, तशीच जमिनीतही फिरत बसलेली.

पाणी असं: खोडाला चिकटून दोन ड्रिपर, तासाला एक गॅलनचे, टायमरवर रोज २० मिनिटं. इथे २०२३ मध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता, तेव्हा रोज पाणी द्यायलाच हवं अशी माझी समजूत. आम्ही पेणचे. पाणी बाहेर कसं काढायचं ते कळतं, आत कसं घालायचं ते नाही.

आता तिथे बिनकाट्याचं, 'डेझर्ट म्युझियम' जातीचं पालो व्हर्डे झाड लावायचंय. नर्सरीवाला म्हणतो, सोबत मायकोरायझाची (मुळांना साथ देणाऱ्या बुरशीची) पुडी घ्या, मुळं झपाट्याने वाढतील. ३० डॉलर. घेऊ का?

निवडुंगमावशी (टूसॉन):
पेणकर, पुडी राहू द्या, आधी एक लोखंडी सळई आणा. पाणी देऊन झाल्यावर जमिनीत खुपसा. सहज जाईल तिथवर ओल. तुमची वीतभरही जाणार नाही, पैज लावते. रोज पाऊण गॅलनसुद्धा पडत नाही आणि त्यातलं बरंच उन्हाने उडून जातं. मुळं ओलीपाशीच थांबतात. खाली कोरडं असेल तर ती कशाला उतरतील? शिवाय आपलं पाणी खारं. थोडं थोडं दिलं की क्षार मुळांपाशीच साचतात.

इथला ढोबळ नियम असा की जमिनीलगतच्या रोपांना १ फूट, झुडपांना २ आणि झाडांना ३ फूट खोल ओल जायला हवी. मग पुन्हा सुकू द्यायचं. नवं रोप पहिल्या उन्हाळ्यात लाडाचं, त्याला लवकर लवकर द्या. रुजलेल्या वाळवंटी झाडाला मात्र भर उन्हाळ्यातही एक ते तीन आठवड्यांनी एकदा पुरतं, पण तास न् तास. आणि ड्रिपर खोडाजवळून उचला. फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे न्या, घेर वाढेल तसे सरकवत राहा.

आता बुरशी. ती थाप नाही. इथली माती चुनखडीची, त्यात स्फुरद (फॉस्फरस) असतो पण चुन्याने धरून ठेवलेला. बुरशीचे धागे मुळांच्या केसांहूनही बारीक, मूळ पोचत नाही तिथवर जाऊन ते स्फुरद आणतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. सौदा आहे हो! वरून स्फुरदाचं खत ओतलंत की झाडाला सौद्याची गरज उरत नाही आणि मुळांवरची बुरशी घटते. नर्सरीत कुंडीतली रोपं खतावरच पोसलेली असतात, म्हणून त्यांच्या मुळांवर ती बऱ्याचदा नसतेच.

घ्यायचीच तर पुडीमागचं वाचा. मेस्कीट, पालो व्हर्डे यांना मुळाच्या पेशीत शिरणारी 'एंडो' लागते. पाइनवाली 'एक्टो' इथे फुकट. आणि पुडी गाडीत तापत ठेवू नका.

द्राक्षवाला_तासगाव:
आमच्याकडे या बुरशीला व्हॅम म्हणतात, बरेच बागायतदार वापरतात. माझा अनुभव, वरून शिंपडून काही होत नाही. पांढऱ्या मुळीला लागली पाहिजे. लावताना खड्ड्यात, मुळांच्या गोळ्याला चोळून घाला. त्याच सुमारास बुरशीनाशकाची आळवणी केली (मुळाशी ओतलं) तर पैसे पाण्यात. डीएपी तर नकोच, ते स्फुरदाचंच खत.
आणि साहेब, वापसा येऊ द्या, म्हणजे जास्तीचं पाणी निघून मातीत हवा खेळू द्या. रोज ओलं ठेवलं तर मुळीला हवा नाही आणि बुरशीलाही नाही.

सोलापुरी_ठेचा:
मेस्कीट म्हणजे वेडी बाभळीची चुलत बहीण ना? आमच्याकडे ती जेसीबीने उपटली तरी पुढच्या वर्षी हजर. तुम्ही डॉलर मोजून लावता आणि ती वाऱ्याने पडते. फार लाडावलीत तुम्ही.

निवडुंगमावशी:
ठेचा, लाडाचाच रोग आहे तो! पाण्याने भराभर वर वाढतं, शेंडा जड, बूड हलकं. वादळ झाल्यावर इथे प्रत्येक गल्लीत एखादं तरी पडलेलं दिसतं.
पेणकर, कुणी जुन्या झाडाखालची माती आणून घाला म्हणेल. बुरशी मिळते खरी, पण मुळं कुजवणारी 'टेक्सस रूट रॉट' पण सोबत येऊ शकते. मी नाही आणत.

पेणकर_चँडलर:
मावशी, पैज जिंकलात. सळई चार इंच गेली आणि थांबली. खड्डा खणला तर पावणेदोन फुटांवर पांढरा दगडासारखा थर, कॅलिची. पहारीने दोन शनिवार फोडला. मग खड्ड्यात पाणी भरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी जिरलेलं होतं.
पुडी घेतली, एंडोवाली. मुळांचा गोळा चारी बाजूंनी उभा चिरून त्याला चोळली. खत शून्य. चार ड्रिपर लांब गोल लावलेत.
टायमर मात्र एका वेळी दोन तासांच्या वर जाऊ देत नाही. एकाच दिवशी लागोपाठ तीनदा लावला तर चालेल ना?

निवडुंगमावशी:
चालेल. मध्ये तासभर सोडा, पाणी वरून वाहून जाणार नाही.