शब्दचर्चा : जीवाणूंना ‘वळवणे’

प्रश्न : केसाहूनही अरुंद वाहिन्या कोरलेल्या चकत्यांमध्ये जिवंत जीवाणूंना हवा तो आकार देण्याचे आणि हव्या त्या बाजूला नेण्याचे प्रयोग होतात. या शास्त्राला (इंग्रजीत ‘मायक्रोफ्लुइडिक्स’) ‘सूक्ष्मप्रवाहिकी’ म्हणावे का, आणि या दोन्ही क्रियांसाठी ‘नियंत्रित करणे’ यापेक्षा नेमके क्रियापद कोणते?

उत्तर : ‘प्रवाहिकी’ मी टाळेन, कारण अशा अनेक प्रयोगांत वाहिनीतला द्रव स्थिर असतो आणि पोहतो तो जीवाणू. द्रव आणि वायू या दोहोंना मिळून मराठीत ‘द्रायू’ हा सुटसुटीत शब्द आहे, द्रायूंच्या गतीचा व बलांचा विचार करणारी ‘द्रायुयामिकी’ही रुळलेली आहे, म्हणून ‘सूक्ष्मद्रायुकी’ असे नाव मी सुचवतो.

क्रियापदाचा प्रश्न अधिक मोलाचा आहे. ‘हाकणे’ म्हटले की मागून टोचणी आली, पण येथे कोणी ढकलत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नरसाळ्याच्या आकाराच्या भिंतींची एक रांग उभारली होती. जीवाणू भिंतीला लागला की तिच्या कडेकडेने पोहत राहतो. त्यामुळे रुंद बाजूने आलेले जीवाणू फटीतून पलीकडे जात आणि उलट बाजूने आलेले बरेचसे मागे फिरत, आणि आरंभी सारखे विखुरलेले जीवाणू काही वेळाने एका बाजूला दाटत. ज्यांना पोहता येत नव्हते ते मात्र असे दाटले नाहीत. चाल जनावराची आणि दिशा राखणाऱ्याची, या अर्थाने आपण ‘गुरे वळणे’ म्हणतो, आणि येथे नेमके तेच घडते.

याच धातूने आकाराचीही सोय होते, हे मला विशेष वाटते. दोर वळतो, मूठ वळते, अक्षराला वळण असते, चेहऱ्याच्या ठेवणीला तर आपण ‘तोंडवळा’च म्हणतो. तेव्हा दिशेसाठी ‘वळवणे’ आणि आकारासाठी ‘वळण देणे’ अशी जोडी सहज जमते.

शंका : आकारासाठी ‘साच्यात घालणे’ अधिक स्पष्ट नाही का?

उत्तर : साच्यात ओतलेली वस्तू निर्जीव असते, तर येथे पेशी स्वतः वाढते. २००५ साली ई. कोलाय या जीवाणूचे विभाजन सेफॅलेक्सिन या प्रतिजैविकाने रोखून, त्याचे लांबलेले तंतू अॅगारोज या जेलीसारख्या पदार्थातल्या सूक्ष्म कप्प्यांत वाढू दिले गेले आणि ते चंद्रकोरीसारखे, नागमोडी, सर्पिल झाले. कप्प्यातून सोडल्यावरही त्यांचा आकार टिकला, कारण पेशीभित्तिकाच त्या आकारात वाढलेली होती. मुलाला वळण लागते असे आपण म्हणतो, त्यातही धाक दूर झाल्यावर जे उरते तेच अभिप्रेत असते. साच्याचा उल्लेख करायचाच असेल, तर ‘साच्यात वाढवणे’ असे म्हणावे.

पुरवणी : पुढील संशोधनात असेही आढळले आहे की वाकवून सोडलेला जीवाणू वाढता वाढता पुन्हा सरळ होऊ शकतो. त्यासाठी ‘वळण मोडणे’ हा प्रयोग आपल्याकडे तयारच आहे. ‘मूळ आकाराची पुनःप्राप्ती’ लिहिण्याचे कारण नाही.