फिंगरटिप की कन्व्हेन्शनल? बोलिंगचा बॉल ड्रिल करण्याआधीचा प्रश्न

सातवी_पिन: आतापर्यंत बोलिंग अ‍ॅलीच्या रॅकवरचाच बॉल वापरलाय, १२ पाउंडांचा. तीन गेमनंतर अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला सोलवटतं आणि बेचका ताणल्यासारखा दुखतो. आता स्वतःचा बॉल ड्रिल करून, म्हणजे हाताच्या मापाची भोकं पाडून, घ्यायचाय. कुठली ग्रिप घ्यावी? हुक (लेनवर वळत जाणारा बॉल) शिकायचा आहे, पण हात दुखून चालणार नाही.

फिरकी_डावी: मुळाशी सोलवटणं आणि बेचका ताणणं ही दोन्ही लक्षणं बहुतेक वेळा स्पॅन लांब असल्याची. स्पॅन म्हणजे अंगठ्याच्या भोकाच्या कडेपासून बोटाच्या भोकाच्या कडेपर्यंतचं अंतर. त्यामुळे आधी माप, मग ग्रिप.

अंगठा मुळापर्यंत आत घाला, तळवा बॉलवर सैल टेकवा आणि मधलं बोट व अनामिका भोकांवर नुसती आडवी ठेवा. कन्व्हेन्शनलमध्ये बोटं दुसऱ्या सांध्यापर्यंत आत जातात, म्हणून त्या सांध्याची रेघ भोकाच्या जवळच्या कडेच्या साधारण पाव इंच पुढे यायला हवी. रेघ कडेपर्यंत पोचतच नसेल तर स्पॅन लांब. उलट स्पॅन आखूड असला की हात मुठीसारखा आवळतो आणि अंगठ्याच्या नखाकडच्या बाजूला घट्टे पडतात.

फिंगरटिपमध्ये फक्त टोकाचं पेर आत जातं. अंगठा आधी सुटतो, बोटं क्षणभर मागे राहतात आणि त्या क्षणात बॉलला फिरकी मिळते. कन्व्हेन्शनलमध्ये बोटं खोल रुतलेली असतात आणि अंगठा व बोटं जवळपास एकाच वेळी सुटतात. पकड भक्कम वाटते, पण फिरकी कमी. तुम्हाला हुक शिकायचाच आहे, तर सरळ फिंगरटिप घ्या. सुरुवातीचे काही आठवडे बॉल हातातून निसटेल असं वाटत राहतं, ते जातं. सेमी-फिंगरटिपच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्यात कड दोन सांध्यांच्या मधल्या मांसल भागावर येते आणि बोट नेमकं कुठवर घालायचं ते दर वेळी बदलतं.

तिरपी_लेन: स्पॅनबद्दल सहमत, पण निम्मी दुखणी अंगठ्याच्या भोकातून येतात. भोक सैल असेल तर बॉल सांभाळायला अंगठा आतल्या आत वाकतो आणि पेराची पाठ घासते. घट्ट असेल तर अंगठा अडकतो आणि बॉल लेनवर धप्पकन आदळतो. चाचणी सोपी आहे: बॉल धरून हात खाली सरळ लोंबू द्या. न आवळता बॉल राहिला पाहिजे आणि अंगठा ओढाताण न होता निघाला पाहिजे.

खेळताना अंगठा कमी-जास्त फुगतो, म्हणून भोक फुगलेल्या अंगठ्याच्या मापाचं ठेवा आणि उरलेली जागा टेपने भरा. खरखरीत पांढरी टेप अंगठ्याच्या पोटाकडे, गुळगुळीत काळी नखाकडे. भोकाच्या कडेपासून थोडी आत चिकटवा, नाहीतर तिचं टोक उचकटतं. एका वेळी एकच तुकडा, मग दोन-चार फेकी, मग दुसरा.

सातवी_पिन: पिच म्हणजे काय? ड्रिल करणारे 'थोडा रिव्हर्स देतो' म्हणाले.

फिरकी_डावी: पिच म्हणजे भोकाचा कल. थेट बॉलच्या केंद्राकडे जाणारं भोक म्हणजे शून्य पिच. तिथून तळव्याखाली झुकलेलं भोक फॉरवर्ड. ते अंगठा धरून ठेवतं. उलट दिशेला झुकलेलं रिव्हर्स. त्यातून अंगठा लवकर सुटतो. फिंगरटिपमध्ये हात जास्त पसरतो, म्हणून थोडा रिव्हर्स लागू शकतो. अंगठा मागे किती वळतो ते हाताने तपासूनच आकडा ठरवायला सांगा. दोन्ही बोटांचे स्पॅनही वेगवेगळे मोजून घ्या, ते सहसा सारखे नसतात.

तिरपी_लेन: बोटांच्या भोकात रबरी इन्सर्ट बसवून घ्या. बोट बारीक-जाड झालं तर नुसता इन्सर्ट बदलता येतो. अंगठ्याचं माप चुकलंच तर भोक बुजवून पुन्हा पाडता येतं. स्पेअरसाठी (पहिल्या फेकीनंतर उरलेल्या पिन पाडायला) प्लास्टिकचा बॉल घ्याल तेव्हा त्यालाही हीच मापं द्या, म्हणजे बॉल बदलला तरी हाताला पकड तीच लागेल.