बंड, उठाव, दंगा आणि फितुरी : अर्थच्छटांविषयी

प्रश्न

गावच्या वाचनालयासाठी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चालून जाऊन त्यांच्या वह्या व कर्जरोखे जाळले, त्या घटनेवर एक माहितीफलक लिहावयाचा आहे. सरकारी कागदांत या प्रकरणाला ‘दख्खनचे दंगे’ म्हटलेले आहे, अलीकडच्या पुस्तकांत ‘शेतकऱ्यांचा उठाव’ म्हणतात, आणि गावातील वडीलधारी मंडळी बोलताना सहज ‘बंड’ म्हणतात. या तीन शब्दांच्या अर्थात नेमका फरक कोणता, आणि ‘बंड’ हा शब्द कमीपणा आणणारा आहे का, याविषयी जाणकारांनी लिहावे.

उत्तर

हे तीन शब्द एकाच घटनेसाठी वापरले जात असले तरी त्यांची घडण वेगळी आहे, आणि ती शब्दकोशातील प्रतिशब्दांपेक्षा वाक्यातील वापरावरून अधिक स्पष्ट होते. ‘बंड’ नेहमी कोणाच्या तरी किंवा कशाच्या तरी विरुद्ध असते, आणि ज्याच्याविरुद्ध ते असते त्याची सत्ता बंड करणाऱ्यावर आधी चालत असावी लागते. म्हणूनच परचक्राशी लढणाऱ्याला आपण बंडखोर म्हणत नाही. सरदार, सैनिक, मुलगा, पक्षाचा कार्यकर्ता हे बंड करतात. शिवाय एकट्या माणसाला बंड करता येते. घराविरुद्ध, रूढींविरुद्ध, गुरूविरुद्ध एकट्याने बंड केल्याची वाक्ये आपण रोज वाचतो. एकट्याने उठाव केल्याचे वाक्य मात्र मराठी कानाला खटकते, कारण ‘उठाव’ या शब्दात अनेकांनी एकदम उठणे गृहीत आहे.

या फरकाचा परिणाम नावे पडण्यावरही झालेला दिसतो. बंड बहुधा नायकाच्या नावाने ओळखले जाते, जसे उमाजी नाईकांचे बंड किंवा वासुदेव बळवंतांचे बंड. उठाव जमातीच्या किंवा प्रदेशाच्या नावाने ओळखला जातो, जसे भिल्लांचा उठाव किंवा संथाळांचा उठाव. अपवाद अर्थातच आहेत, आणि कोल्हापूरच्या गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ल्यांवरील वंशपरंपरागत शिबंदीच्या, बाबतीत दोन्ही शब्द सारखेच चालतात. ‘बंड’वरून ‘बंडखोर’ झाला, ‘दंगा’वरून ‘दंगेखोर’ झाला, पण ‘उठाव’वरून माणसाला लावता येईल असे सहज नाव भाषेत रुळलेच नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

‘दंगा’ या शब्दाला ‘विरुद्ध’ची गरजच नसते. दंगा होतो, माजतो, पसरतो. त्यामागे काही मागणी होती की नव्हती याबद्दल शब्द काहीच सांगत नाही. सुप्याच्या घटनेला हा शब्द लावणे मला म्हणूनच अन्यायाचे वाटते, कारण तेथे लोकांना काय नष्ट करावयाचे होते हे अगदी निश्चित होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी १८६५ नंतर ओसरली, त्यानंतर नव्या पाहणीत शेतसारा वाढवण्यात आला, आणि सावकारांनी नवे कर्ज देण्यास हात आखडता घेतला, ही कारणे सर्वांना ठाऊक असतात. त्यामानाने १८५९ च्या मुदतीच्या कायद्याकडे कमी लक्ष दिले जाते. कर्जरोखा तीनच वर्षे वैध राहावा, म्हणजे व्याज फार साचणार नाही, असा त्या कायद्याचा हेतू होता. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला, आणि ज्याला तो रोखा वाचता येत नव्हता तो कुणबी त्यावर निशाणी करून मोकळा होत होता. न्यायालयात त्याचे म्हणणे कोणी विचारत नव्हते, कागद बोलत होता. जमाव सावकारांच्या दारात गेला तेव्हा त्याने वह्या आणि रोखे बाहेर मागितले व ते जाळले, यामागची संगती येथे आहे. दुकाने लुटली गेली, काही घरे पेटवली गेली, हेही खरे आहे. तरी एवढ्या मोठ्या क्षोभात मनुष्यहानी जवळजवळ झाली नाही आणि कागद मात्र शोधून शोधून जाळले गेले, हे ‘दंगा’ या शब्दात मावत नाही.

चौथा शब्द प्रश्नात नाही, पण तो येथे यावयास हवा. ‘फितुरी’ आज आपण विश्वासघातासाठी वापरतो. शत्रूला किल्ल्याचा दरवाजा उघडून देणारा फितूर, आणि न्यायालयात जबाब फिरवणारा साक्षीदारही फितूर. जुन्या मराठीत मात्र ‘फितवा’, ‘फंदफितूर’ हे शब्द राजसत्तेविरुद्धच्या गुप्त खटपटीसाठी आणि असंतोषासाठीही येत. तेलुगू प्रदेशात हा दुसरा अर्थ टिकून राहिला. गोदावरीच्या खोऱ्यातील रंपा भागात ताडी काढण्यावरचा कर आणि जंगलावरची बंधने यांमुळे १८७९ मध्ये डोंगरी लोक उठले, ती घटना ‘रंपा फितुरी’ म्हणूनच इतिहासात नोंदली गेली आहे. त्याच वर्षी पुणे जिल्ह्यात वासुदेव बळवंत फडके रामोश्यांना बरोबर घेऊन धामारीसारख्या गावांतील धनिकांवर छापे घालत होते.

प्रतिसाद

वरील विवेचन पटले, तरी एक शंका राहते. ‘बंड’ हा शेवटी राज्यकर्त्यांच्या दफ्तरातला शब्द आहे. १८५७ ला ‘शिपायांचे बंड’ म्हणण्याचे आपण याच कारणासाठी सोडून दिले. मग फलकावर तो शब्द ठेवावा का? बंड फसले की बंड आणि यशस्वी झाले की क्रांती, एवढाच काय तो फरक आहे, असेही म्हटले जाते.

उत्तर

सत्तावनच्या बाबतीत आक्षेप ‘बंड’ या शब्दापेक्षा ‘शिपायांचे’ या विशेषणावर अधिक घ्यावयास हवा, कारण त्या विशेषणाने तालुकदार, शेतकरी, कारागीर आणि संस्थानिक हे सारे घटनेबाहेर ढकलले जातात. ‘बंड’ शब्दातच तुच्छता असती, तर त्या धामधुमीत झाशीत प्रत्यक्ष असलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी आपल्या प्रवासवृत्तांतात तो वापरला नसता. राणी लक्ष्मीबाईंविषयीचा त्यांचा आदर त्याच लेखनात ओतप्रोत आहे. तुच्छता ‘बंडाळी’ आणि ‘पुंडावा’ या शब्दांत आहे. निवडणुकीच्या दिवसांत ‘बंडोबांचे थंडोबा झाले’ असे मथळे येऊ लागल्यापासून ‘बंड’ला हलकेपणा आला, ही अलीकडची गोष्ट आहे, आणि मला तिचे वाईट वाटते.

शेवटावरून नाव ठरते हे म्हणणे मात्र निम्मेच खरे आहे. ‘बंड यशस्वी झाले’ यापेक्षा ‘बंड मोडले’ हा प्रयोग आपल्या ओठांवर चटकन येतो, इतके मान्य करावे लागेल. पण घटनांकडे पाहावे. पेशवाई बुडाल्यावर रामोश्यांचे पुरंदर परिसरातील राखणीचे हक्क गेले, आणि त्यातून उमाजी नाईक उभे राहिले. कंपनीने मध्यंतरी त्यांना माफी देऊन चाकरीतही घेतले होते, तरी ते पुन्हा उठले, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी देण्यात आले. कोल्हापूरच्या गडकऱ्यांच्या वंशपरंपरागत जमिनी मामलेदारांच्या ताब्यात दिल्या गेल्या तेव्हा १८४४ मध्ये सामानगड आणि पन्हाळा येथे ते लढले. पन्हाळ्यावर तर त्यांनी कर्नल ओव्हान्स या इंग्रज अधिकाऱ्याला कैदेत ठेवले होते. अखेर गड पडले आणि त्यांची तटबंदीही पाडली गेली. फडके यांना जुलै १८७९ मध्ये पकडण्यात आले, जन्मठेपेवर एडनला नेण्यात आले आणि तेथेच १८८३ मध्ये त्यांचा अंत झाला; तरीही मराठी माणूस त्यांना ‘आद्य क्रांतिकारक’ म्हणतो. हरलेल्याला हे नाव मिळू शकते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण दुसरे कोणते द्यावे?

उलट, ज्याला सर्वांत हलके नाव मिळाले त्या १८७५ च्या ‘दंग्या’नेच सरकारला हात घालावयास लावले. शेकडो लोकांची धरपकड झाली, अनेकांना शिक्षा झाल्या. पण चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. रोख्यावरील आकडा अंतिम न मानता कर्जाचा मूळ व्यवहार तपासण्याची मुभा न्यायालयांना त्याने दिली आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्यास आळा घातला. सावकारी त्याने संपली नाही, जमिनी सावकारांच्या हाती जातच राहिल्या. पण कागदाच्या ज्या जोराविरुद्ध जमाव चालून गेला होता, त्याच जोराला कायद्याने हात लावला.

फलकासाठी माझे मत ‘उठाव’ या शब्दाला आहे, कारण येथे एक नायक नव्हता, अनेक गावे एकामागून एक उठली, आणि त्यांचा रोख राजसत्तेपेक्षा सावकाराकडे अधिक होता. मथळा ‘सुप्याचा शेतकरी उठाव, १८७५’ असा असावा. ‘दख्खनचे दंगे’ हे नाव वगळू नये. आयोगाचा अहवाल आणि पुराभिलेखातील कागद त्याच नावाखाली सापडतात, म्हणून ते सरकारी नाव होते अशा स्पष्ट उल्लेखासह मजकुरात द्यावे. वडीलधारी मंडळी ‘बंड’ म्हणतात, तेही एका वाक्यात नोंदवावे.