गटातून मसाल्याचा धंदा: नफा सारखा वाटायचा का?

साताऱ्याचा गट
आमचा बारा जणींचा बचत गट उमेदमध्ये (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात) आहे, पंचसूत्री म्हणजे बैठक, बचत, कर्ज, परतफेड, हिशेब हे पाच नियम नीट पाळतो. आता कांदा-लसूण मसाला विकायचाय. प्रत्यक्ष राबणाऱ्या पाच-सहा जणीच असतील. मग नफा कसा वाटायचा? भांडवल गटाचं घ्यावं की बँकेचं?

हिशेबवही
ताई, सारखी वाटणी नकोच. गटांचे धंदे बहुतेक तिथेच मोडतात. राबणारीला वाटतं आपण फुकट राबतो, न येणारीला वाटतं आपले पैसे अडकले, आणि दोघींचंही खरं असतं.

मजुरी आणि नफा वेगळे करा. मिरच्या निवडणं, भाजणं, पॅकिंग, प्रत्येकाचा किलोमागे दर बैठकीत ठरवून ठरावात लिहा. ही मजुरी खर्चात धरायची, माल पडून राहिला तरी द्यायची. उरेल तोच नफा, त्यात बाराही जणींचा वाटा.

भांडवल पहिल्या हंगामात गटाचंच घ्या, पण कर्ज म्हणून: सभासदाला लावता तेच व्याज, तीच हप्त्याची तारीख. धंद्याची वही वेगळी. बँक गटाला १० लाखांपर्यंत तारण मागत नाही, मात्र थकलं तर साऱ्या गटाचं पुढचं कर्ज अडतं. त्यामुळे खप कळल्यावरच तिकडे वळा.

कांडपवाली
पाच किलोच्या घाण्याने (एका वेळी केलेला माल) सुरुवात करा. मिरचीचा देठ कडकन मोडेपर्यंत ऊन द्या. कांदा नुसता तांबूस नको, कुरकुरीत हवा. ओल राहिली की गाठी धरतात, मग बुरशी. डंकावरून (कांडपयंत्रावरून) आलेला मसाला परातीत पसरून पूर्ण गार करा, गरम भरला तर पिशवीत वाफ धरते.

प्रत्येकीने आपापल्या घरी मसाला करायचा नाही, चव बदलते. लिज्जतचं बघा: १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं. तिथे पीठ शाखेत मळतात, बायका घरी फक्त लाटतात, आणि पापड तपासूनच घेतले जातात. तुमच्याकडेही भाजणं एकाच जागी होऊ द्या. कामाला न येणाऱ्यांपैकी दोघींकडे तपासणी द्या. प्रत्येक घाण्याची एक पिशवी तारीख टाकून बाजूला ठेवायची, तक्रार आली की ती उघडायची.

पहिली पिशवी ओळखीवर खपते. दुसऱ्यांदा कोण मागतं ते लिहून ठेवा. नात्यातही उधारी नको.

विक्रीआधी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी घ्या. पिशवीवर तो क्रमांक, घटक, वजन, किंमत, तारीख आणि घाण्याचा क्रमांक हवाच.

साताऱ्याचा गट
धंदा सुरू करायला सरकारी बीजभांडवल मिळतं असं ऐकलंय, ते कसं? आणि मधेच कुणी गट सोडला तर?

हिशेबवही
केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ते सभासदामागे ४० हजारांपर्यंत असतं, पण सभासदाला ते फेडायचं असतं. सध्या अर्ज घेतात का, ते सीआरपी ताईंना (उमेदच्या गावातल्या कार्यकर्तीला) विचारा. सोडणारीची बचत तिचं कर्ज वजा करून लगेच द्या. धंद्यातला वाटा मात्र हंगाम संपून माल विकल्यावर, कारण तोवर पैसा मिरचीत अडकलेला असतो. हा ठराव मिरची खरेदीआधीच करून बाराही जणींच्या सह्या घ्या.